मारलवाईचा प्रयोग : एका पिढीच्या व्यवसायनिवडीचा इतिहास

मुलाने पुढे काय व्हावे, हा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. तो विचारता येणे हीच मुळात इतिहासातील एक नवी गोष्ट आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ज्या समाजात कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे, जोशाच्या मुलाने पंचांग मांडावे आणि कुळवाड्याच्या मुलाने नांगर धरावा, हे जन्माबरोबरच ठरून जात असे, त्या समाजात 'काय व्हावे' ह्या प्रश्नाला जागाच नव्हती. प्रश्न नव्हता म्हणून मार्गदर्शनही नव्हते. बापाच्या पाठोपाठ शेतावर किंवा भट्टीवर जाणे हेच शिक्षण व हीच निवड. व्यवसायमार्गदर्शन हा शब्द मराठीत रुळला तो अलीकडे, आणि शब्दाच्या मागची कल्पनाही आपल्याकडे बाहेरून आली.

ह्या विषयाचा इतिहास सांगणारे बहुधा अमेरिकेपासून आरंभ करतात. फ्रँक पार्सन्स ह्याने १९०८ मध्ये बोस्टन शहरात तरुणांना व्यवसाय निवडण्यास साहाय्य करणारी कचेरी उघडली आणि पुढील वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचा ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मुंबईच्या पारशी पंचायतीने १९४७ मध्ये असे केंद्र काढले. मुदलियार आयोगाने १९५२–५३ मध्ये माध्यमिक शाळांतून अशा मार्गदर्शनाची सोय असावी अशी शिफारस केली. हा सारा इतिहास खरा आहे. पण तो शहरांचा इतिहास आहे. ज्या मुलापुढे दहा वाटा आधीच मोकळ्या आहेत, त्याला त्यांतील आपली कोणती हे सांगण्याचा तो इतिहास आहे. ज्याच्यापुढे एकही वाट नाही त्याचे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही. ते शोधावयाचे तर आपणांस मराठी मुलुखाच्या सीमेपलीकडे, पैनगंगा ओलांडून, आदिलाबादच्या रानात जावे लागते. तेथे १९४३ साली मारलवाई नावाच्या एका लहानशा गोंड वस्तीत जो प्रयोग सुरू झाला, त्याची नोंद आदिवासी-कल्याणाच्या प्रकरणात होते. व्यवसायमार्गदर्शनाच्या प्रकरणात ती कोणी करीत नाही. आमच्या मते ती तेथेही झाली पाहिजे, आणि ती का, हे ह्या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

आदिलाबाद हा निजामाच्या राज्याचा उत्तर सीमेवरचा जिल्हा. दक्षिणेस गोदावरी, उत्तरेस पैनगंगा, पूर्वेकडे वर्धा आणि तीच पुढे प्राणहिता, अशा नद्यांनी तो वेढलेला आहे. पलीकडच्या तीरावर यवतमाळ आणि चांदा हे वऱ्हाड-नागपूरकडील जिल्हे. ह्या भूगोलामुळेच तेथे भाषांचा एक मोठा बाजार भरलेला असे. राजगोंडांची गोंडी, कोलामांची कोलामी, सपाटीवरील रयतेची कोठे तेलुगू तर कोठे मराठी, आणि ह्या साऱ्यांच्या डोक्यावर दरबाराची उर्दू. गोंडांचे भाट जे परधान, त्यांच्या घरची बोली मराठी. पण यजमानापुढे कुळकथा गाताना त्यांनी गोंडी बोलावे, असा परिपाठ. तेव्हा मराठीचे ह्या रानाशी नाते आजचे नव्हे. ते कचेरीच्या हुकुमाने जडलेले नाही; परधानाच्या किकरीच्या तारांवरून ते पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहे.

ह्या समाजात कोणाचे काम कोणते, हे ठरलेले होते. गावचा पटला गावकी पाही. देवारी गावदेवतेचे करी. पेर्सा पेनाची पूजा कुळातील कटोड्याकडे असे. परधानाचा मुलगा बापाकडून कथा व किकरी घेई, ओताऱ्याचा मुलगा मेण आणि माती ह्यांच्या साच्यातून पितळेची मूर्ती ओतावयास शिके, आणि बाकी सारे नांगर, गुरे व रान ह्यांच्यावर जगत. ह्या व्यवस्थेत उणिवा नव्हत्या असे नाही. पण मुलगा मोठा होऊन काय करणार ह्याची धास्ती आईबापांना नव्हती. रान होते तोवर कामही होते.

रान गेले आणि धास्ती आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत ह्या जिल्ह्याचे रूप पालटले. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या; ज्या जमिनी वाडवडील कसत आले त्या एका रात्रीत सरकारी वनात मोडल्या. रस्ते झाले, काझीपेठहून बल्हारशाकडे लोहमार्ग गेला, आणि त्यांच्या मागोमाग बाहेरची वस्ती काळ्या जमिनीच्या शोधात आली. जमिनीचा हक्क आता कसण्याने सिद्ध होत नसे, तो कागदाने सिद्ध होई. आणि कागद उर्दूत असे. गोंडाला उर्दू येत नव्हती, मराठी फार थोड्यांना वाचता येई, आणि गोंडी तर कोठल्याच कचेरीत चालत नसे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. मालक कूळ झाला, कूळ कर्जदार झाला, आणि कर्जदाराचा मुलगा भगेला झाला. भगेला म्हणजे कर्जाच्या फेडीसाठी सावकाराच्या घरी राबणारा वेठबिगार. १९३६ मध्ये हैदराबाद राज्याने भगेल्यांच्या करारांवर बंधने घालणारा कायदा केला खरा. पण जो कायदा वाचता येत नाही त्याचा आधार घेणार कसा? तेव्हा १९४० च्या सुमारास आदिलाबादच्या रानातील एखाद्या गोंड मुलाच्या भवितव्याचा हिशेब मांडावयाचा म्हटले, तर दोनच रकमा दिसतात : बापाची जमीन राहिली तर नांगर, न राहिली तर भगेलेपण.

ह्याच साली जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम आपल्या साथीदारांसह पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याचे बंड हे जमिनीचे बंड होते. आणि त्या बंडाच्या मुळाशी वनखात्याच्या शिपायाचा जाच होता. गोळीबाराने बंड मोडले, पण बंडाचे कारण मोडले नाही, हे हैदराबादच्या दरबारातील काही विचारी अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले. पुढे महसूल खात्याचे सूत्रधार डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हे झाले. बस्तरच्या माडिया गोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेला होता. त्यामुळे गोंड म्हणजे कोण हे त्यांना सांगावे लागत नव्हते. योगायोगाने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ तेव्हा हैदराबाद राज्यात होते. महायुद्ध सुरू झाल्यामुळे ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले होते, आणि त्यांच्या हिंडण्याफिरण्यास हैदराबाद राज्याची मर्यादा पडली होती. ह्या बंदिवासाचे त्यांनी सोने केले. १९४१ पासून ते राजगोंडांत राहू लागले, आणि पत्नी बेटी ह्यांच्यासह त्यांनी मारलवाईस आपले बिऱ्हाड थाटले.

हायमेनडॉर्फ आले ते अभ्यासक म्हणून. पण जो अभ्यासक रोज संध्याकाळी अंगणात बसलेल्या माणसांकडून जमीन गेल्याच्या कहाण्या ऐकतो, त्याला केवळ टिपणे घेऊन उठता येत नाही. अर्ज लिहून देणे, अधिकाऱ्यांकडे शब्द टाकणे, ही कामे आपोआप आली. ह्या धडपडीत त्यांना एक गोष्ट कळून चुकली. गावचा पटवारी परका, जंगलाचा शिपाई परका, कचेरीतला कारकून परका. तेव्हा हुकूम कितीही चांगला निघाला तरी तो गोंडाच्या दारात पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ फिरलेला असे. अन्याय दूर व्हावयाचा तर ह्या जागांवर गोंडांचीच मुले बसली पाहिजेत. आणि तेथे बसावयाचे तर त्यांना वाचता आले पाहिजे.

येथे एक मोठी अडचण उभी राहिली. शाळा काढावी तर गोंडी जाणणारा शिक्षक नाही. शिक्षक तयार करावा तर शिकलेला गोंड नाही. बाहेरचा शिक्षक रानात टिकत नसे, आणि टिकला तरी मुलांना त्याचे बोलणे उमगत नसे. ह्या चक्रातून बाहेर पडण्यासाठी १९४३ मध्ये मारलवाई येथे शिक्षक-प्रशिक्षणाचे केंद्र उघडण्यात आले. ज्यांना थोडीबहुत अक्षरओळख होती असे गोंड तरुण प्रथम निवडले गेले. त्यांना शिकवून त्यांच्याकडूनच पुढच्यांना शिकवावे, अशी ती योजना. मुलांसाठी गोंडी भाषेत वाचनपुस्तके तयार करण्यात आली आणि ती देवनागरी लिपीत छापली गेली. देवनागरीची निवड अगदी व्यवहारी होती. ज्या थोड्या गोंडांना अक्षर येत होते त्यांना ते मराठीतून आले होते. नवी लिपी शोधीत न बसता, जी पायरी पायाखाली आहे तिच्यावरच दुसरी पायरी रचावी, असा तो विचार. भाषा घरची आणि लिपी शेजारची : मारलवाईच्या शाळेचा पाया हा असा होता.

मूल प्रथम आपल्या भाषेत वाचावयास शिकले की राज्यात चालणाऱ्या इतर भाषांकडे त्याला नेता येते, ही गोष्ट आज शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी सहज सांगेल. १९४३ साली, उर्दूत चालणाऱ्या राज्यात, ती प्रत्यक्ष करून दाखविणे सोपे नव्हते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून देशी भाषेतून उच्च शिक्षण देत आहे ह्याचा त्या राज्याला अभिमान होता, आणि तो योग्यच होता. पण उर्दू ही जशी इंग्रजीपेक्षा जवळची, तशी गोंडी ही गोंडांना उर्दूपेक्षा जवळची, हा पुढचा विचार मारलवाईपर्यंत कोणी कृतीत आणला नव्हता.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग ह्यापुढचा आहे. मारलवाईच्या केंद्रात तरुण आले ते शिक्षक होण्यासाठी. पण लवकरच त्या केंद्राचा आवाका वाढला. पटवारी, वनरक्षक, कारकून ह्या कामांसाठीही गोंड तरुणांना तयार करण्यात येऊ लागले. ज्या वनखात्याच्या शिपायाने भीमाच्या पिढीला जेरीस आणले, त्याच शिपायाची जागा आता गोंडाच्या मुलाला खुणावू लागली. ज्या पटवाऱ्याच्या दप्तरात जमीन बुडाली, ते दप्तर लिहिण्याची विद्या त्याच्या हाती येऊ लागली. इतिहासात अशी उलटापालट क्वचितच इतक्या शांतपणे घडते.

हे व्यवसायमार्गदर्शन होते काय? शहरी कल्पनेप्रमाणे पाहिले तर नव्हते. तेथे मुलाची कल-चाचणी झाली नाही, व्यवसायांची यादी भिंतीवर लागली नाही, आणि 'तुला काय आवडते' हा प्रश्न कोणी विचारला असेल असेही संभवत नाही. तथापि मार्गदर्शनाचे जे मर्म, ते तेथे होते. आम्हांस त्यात तीन गोष्टी दिसतात. पहिली ही की, जे काम मुलाने डोळ्यांनी पाहिलेले आहे त्याच कामापासून आरंभ झाला. पटवारी आणि वनरक्षक हे गोंड मुलाला ऐकीव नव्हते; त्यांचे बरेवाईट सामर्थ्य त्याने आपल्या अंगणात अनुभवले होते. दुसरी ही की, शिकलेल्याला परत जाण्यासाठी जागा होती. शिक्षण घेऊन तो गावाला पारखा होत नसे. गावालाच त्याची गरज असे. आणि तिसरी, सर्वांत मोलाची, ही की, वाट दाखविण्याआधी वाट तयार करण्यात आली. ज्यांनी मुलांना शिकविले त्यांनीच सरकारदरबारी त्या मुलांसाठी जागांचा आग्रह धरला. नुसता सल्ला देऊन हात झटकणे तेथे शक्यच नव्हते.

ह्याच काळात जमिनीचेही काम चालू होते, हे विसरता कामा नये. १९४५ पासून हायमेनडॉर्फ हे निजाम सरकारचे आदिवासी व मागासवर्गीय ह्यांच्यासंबंधीचे सल्लागार झाले, आणि त्या वर्षांत आदिलाबाद जिल्ह्यातील अकरा हजारांहून अधिक आदिवासी कुटुंबांना दीड लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे मिळाले. वरवर पाहता जमिनीचा पट्टा आणि मुलाचे भवितव्य ह्यांचा संबंध नाही. पण ज्या घराची जमीन पुढच्या हंगामात राहील की नाही ह्याची शाश्वती नाही, त्या घरातील मुलगा चार वर्षांच्या शिक्षणाचा बेत करू शकत नाही. त्याचे हात आजच हवे असतात. उद्याचा विचार करण्याची सवड ही सुद्धा एक संपत्ती आहे, आणि ती जमिनीच्या पट्ट्याबरोबर त्या घरांत प्रथमच आली.

ह्या कार्यात एका मराठी माणसाचाही मोठा वाटा आहे. शिवकालाचे व्यासंगी इतिहासकार म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी हे त्या वेळी हैदराबाद राज्याच्या सेवेत होते, आणि समाजसेवा खात्याचे अधिकारी म्हणून त्यांनी आदिलाबादच्या गोंडांत काम केले. निलंग्यास १९१० मध्ये जन्मलेल्या ह्या गृहस्थांनी गोंडी भाषा आत्मसात केली, तिचे व्याकरण लिहिले, आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत ग्रंथही रचला. फार्सी कागदपत्रांतून मोगल-मराठ्यांचा इतिहास उलगडणारा पंडित गोंडांच्या पाड्यावर बसून क्रियापदांची रूपे टिपून घेतो, हे चित्र मराठी वाचकाने आपल्या स्मरणात ठेवण्याजोगे आहे. अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकावी, हा मारलवाईच्या प्रयोगाचा दुसरा पदर होय. मुलाने कचेरीपर्यंत यावयाचे तर कचेरीनेही दोन पावले मुलाकडे चालून गेले पाहिजे.

महाराष्ट्रात ह्याच सुमारास घडलेल्या दोन प्रयत्नांची येथे तुलना करता येईल. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' हे सूत्र होते. तेथे मुलगा हाताने काम करून शिके, आणि श्रमाची लाज त्याच्या मनातून जाई. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डीस बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यावी, हा त्यांचा मार्ग. साताऱ्यात श्रमाची प्रतिष्ठा, कोसबाडास बालपणाचा आदर, आणि मारलवाईस नोकरीचे दार. तीन ठिकाणी तीन निरनिराळ्या टोकांनी एकच गाठ सोडविण्याचा यत्न चालला होता.

मारलवाईच्या प्रयोगाचे पुढे काय झाले? सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य भारतात विलीन झाले. हायमेनडॉर्फ पुढे लंडन विद्यापीठात अध्यापनास गेले. प्रयोग एकाएकी बंद पडला नाही. नव्या सरकारनेही शाळा चालविल्या. पण १ नोव्हेंबर १९५६ ह्या दिवशी हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील राजुऱ्याचा आणि किनवटचा भाग मुंबई राज्यात आला, आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. भाषावार राज्यरचनेने मराठी माणसाला न्याय मिळाला आणि तेलुगू माणसालाही मिळाला. परंतु गोंडांची भाषा कोणत्याच राज्याची भाषा नव्हती. त्यांच्या वाट्याला नुसती सीमारेषा आली. नदीच्या एका तीरावरील गोंड मुलगा मराठी शाळेत बसू लागला, आणि दुसऱ्या तीरावरील त्याचा मामेभाऊ तेलुगू शाळेत.

आंध्रातील गोंड शाळांत तेलुगू हे माध्यम झाले. देवनागरीतील गोंडी पुस्तके मागे पडली. ज्या पिढीने देवनागरीच्या पायरीवर पाय ठेवून वर येण्यास आरंभ केला होता, तिच्या पायाखालची पायरीच काढून घेतली गेली. मराठी व उर्दू ह्यांच्या आधारे तयार झालेले गोंड शिक्षक तेलुगू शाळेत अपुरे ठरले, आणि बाहेरचा शिक्षक पुन्हा रानात आला.

ह्यावर एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे, आणि तो हलका नाही. राज्याचा कारभार तेलुगूत चालणार, नोकऱ्या तेलुगू जाणणाऱ्यास मिळणार; मग गोंडाच्या मुलाने तेलुगूच शिकावी हे त्याच्याच हिताचे नव्हे काय? गोंडी शाळेत त्याला अडकवून ठेवणे म्हणजे त्याची वाट अडविणे नव्हे काय? आम्ही म्हणतो की तेलुगू शिकणे त्याच्या हिताचेच होते. दोष तेलुगूकडे मुळीच जात नाही. दोष एवढाच की घरच्या भाषेकडून राज्याच्या भाषेकडे नेणारा जो पूल मारलवाईस बांधला गेला होता, तो नव्या तीराशी पुन्हा जोडण्याऐवजी मोडू दिला गेला. गोंडी तेलुगू लिपीत छापता आली असती. जुन्या शिक्षकांना तेलुगू शिकविता आली असती. पूल कोणत्या तीराला लागतो ह्यापेक्षा तो असतो की नसतो, हे अधिक महत्त्वाचे. गोंडी-तेलुगूचा हा पूल बांधला असता, तर मारलवाईचा शिक्षक नव्या राज्यातही मुलांचा वाटाड्या राहिला असता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगावा लागेल. आश्रमशाळा निघाल्या, उटनूर येथे एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेची कचेरी झाली. १९७६ च्या कायद्याने तेलंगणातील लंबाडा समाजाचा समावेश अनुसूचित जमातींत झाला, आणि राखीव जागांसाठी नवी स्पर्धा उभी राहिली. लंबाडाही गरीबच होते. पण त्यांची शाळेची वाट काहीशी आधी सुरू झाली होती, आणि एकाच दारातून दोघांना आत जावयाचे होते. जमिनीचा असंतोष धुमसतच होता. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. जोडेघाटनंतर चाळीस वर्षांनी प्रश्न पुन्हा तेथेच येऊन ठेपला होता.

शिक्षकाच्या नोकरीचे दार मात्र उघडे राहावे अशी खटपट चालू राहिली. आंध्र प्रदेश सरकारने १९८६ मध्ये आणि पुन्हा १० जानेवारी २००० रोजी असा आदेश काढला की अनुसूचित क्षेत्रातील शाळांतील शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांनाच द्याव्यात. मारलवाईचे तत्त्व, म्हणजे गोंड मुलाला गोंड शिक्षक, ते ह्या आदेशात कायद्याच्या भाषेत पुन्हा अवतरले होते. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के राखीव जागा घटनेस धरून नाहीत असा निर्णय देऊन तो आदेश रद्द केला. आधीच्या नेमणुकांना अटींसह अभय दिले. समतेच्या तत्त्वाचा न्यायालयाने लावलेला अर्थ आपल्या ठिकाणी आहे. परंतु उटनूर किंवा जैनूरच्या एखाद्या घरात जो मुलगा किंवा मुलगी अध्यापनाची पदविका घेत होती, तिच्या दृष्टीने त्या दिवशी सत्याहत्तर वर्षांचे एक दार अर्धे मिटले.

आणि येथेच मारलवाईच्या प्रयोगाची मर्यादा आपल्या ध्यानी येते. त्याने उघडलेली सर्व दारे सरकारी होती. शिक्षक, पटवारी, वनरक्षक, कारकून ह्या चारही वाटा एकाच वाड्यात जात होत्या. १९४३ मध्ये ते अपरिहार्य होते, कारण त्या वेळी जुलूम सरकारी कागदातूनच होत होता आणि प्रतिकारही तेथेच व्हावयास हवा होता. पण पुढील पिढ्यांनी त्या चार वाटांनाच भवितव्य मानले. आठवड्याच्या बाजारातील दुकान, कापसाचा व्यापार, दवाखाना, यंत्रदुरुस्ती, वकिली ह्या क्षेत्रांकडे नेणारी दुसरी मारलवाई कोणी उभारली नाही. दुसरी मर्यादा मुलींची. पटवारी आणि वनरक्षक ह्या जागा त्या काळी पुरुषांच्याच. त्यामुळे गोंड मुलीच्या भवितव्याचा प्रश्न त्या आखणीत आलाच नाही. आज आश्रमशाळांतून मुली शिकत आहेत. त्यांच्यासाठी आखणी करावयाची ती नव्यानेच करावी लागेल.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. शाळेने जी कामे दाखविली ती सारी बाहेरची. घरातल्या विद्येकडे, म्हणजे किकरीकडे, ओताऱ्याच्या साच्याकडे, नृत्याकडे, व्यवसाय म्हणून कोणी पाहिले नाही. पण काळाने येथेही एक उत्तर दिले आहे. ह्याच मारलवाईचे कनक राजू ह्यांनी दंडारीच्या दिवसांतील गुसाडी नृत्य आयुष्यभर जोपासले आणि तरुणांना शिकविले. २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०२४ मध्ये ते निवर्तले. नारनूरजवळच्या गुंजाळा गावी गोंडी लिपीतील जुन्या पोथ्या उजेडात आल्या. त्या लिपीस २०१८ मध्ये जागतिक संगणकसंकेतात स्थान मिळाले. अर्थात पद्मश्री म्हणजे पोटापाण्याची सोय नव्हे, आणि लिपी म्हणजे नोकरी नव्हे. पण ज्या विद्येला आपण 'मागासलेपण' म्हणत होतो तिच्यातही एखाद्याचे जीवितकार्य सामावू शकते, हे मुलाला सांगण्याचा अधिकार ह्या उदाहरणांनी शिक्षकास दिला आहे.

मराठी वाचकाने ह्या इतिहासाकडे केवळ परक्या जिल्ह्याची हकीकत म्हणून पाहू नये. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, मारलवाई आता कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. पण बेला, जैनद, तामसी ह्या पैनगंगेकाठच्या भागांत मराठी अद्याप घराची भाषा आहे, आणि मराठी माध्यमाच्या शाळाही तेथे आहेत. त्या शाळांतून दहावी झालेल्या मुलापुढे १९५६ सालचा प्रश्न आजही उभा राहतो. नदी ओलांडून किनवट, यवतमाळ, चंद्रपूर गाठावे, की तेलुगू-इंग्रजीची वाट धरून आदिलाबादेस जावे? १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून तेथील नोकऱ्यांत 'स्थानिक उमेदवार' ठरविताना त्या भागात शिकलेल्या वर्षांची मोजदाद होते. आपुलकीने मुलाला पलीकडच्या मराठी शाळेत धाडणाऱ्या बापाला ही गोष्ट वेळीच कोणी सांगितली नाही, तर मुलगा दोन्ही तीरांवर परका ठरण्याचा संभव आहे. सीमेवरील शिक्षकाचे मार्गदर्शन म्हणजे कल-चाचणीचा कागद नव्हे. कोणत्या वर्षी कोणत्या शाळेत नाव असावे, कोणता दाखला कोठे चालतो आणि कोणती भाषा केव्हा शिकण्यास घ्यावी, हे नेमके सांगणे होय.

बेटी हायमेनडॉर्फ १९८७ मध्ये हैदराबादेस निवर्तल्या. हायमेनडॉर्फ ह्यांचे निधन १९९५ मध्ये लंडनला झाले; २०१२ मध्ये त्यांच्या पुत्राने त्यांच्या अस्थी मारलवाईस आणल्या, आणि गोंडांनी आपल्या रीतीने त्यांना निरोप दिला. एका परदेशी विद्वानाविषयी ही कृतज्ञता गोंडांनी का बाळगली? त्यांच्यावर त्याने ग्रंथ लिहिले म्हणून नव्हे. ते ग्रंथ त्यांतील बहुतेकांनी वाचलेले नाहीत. त्याने त्यांच्या मुलांपुढे नांगर आणि भगेलेपण ह्यांखेरीज तिसरी रक्कम मांडली, म्हणून.

तरुणांना भवितव्य आखून देणे कोणाच्याच हाती नाही, आणि ते कोणी देऊही नये. परंतु आखणी करण्याजोगी परिस्थिती त्यांच्याभोवती निर्माण करणे हे वडीलधाऱ्या पिढीच्या हाती असते. त्यासाठी पायाखाली स्थिर जमीन हवी, घरच्या भाषेतून परक्या भाषेकडे नेणारा पूल हवा, आणि पुलाच्या पलीकडे खरोखरच उघडणारे दार हवे. ह्या तिहींपैकी एकही नसता दिलेला सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी तो वाऱ्यावर जातो. मारलवाईने अवघ्या काही वर्षांत ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या होत्या, आणि त्या पुन्हा विखुरल्या की काय होते हेही त्याच गावाच्या परिसराने आपणांस दाखविले. सीमेच्या दोन्ही तीरांवर जे शिक्षक आज मुलांना 'पुढे काय?' असे विचारीत आहेत, त्यांनी तो प्रश्न मुलाला विचारण्याआधी एकदा स्वतःला, आणि त्याहूनही मोठ्याने सरकारला, विचारावा, असे आम्हांस वाटते.